बानाखत

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बानाखत केलं.
स्टॅम्पपेपरवर चार सह्या, पाच लाखांचा चेक
आणि प्रफुल्लभाईंनी पुढे केलेला पेंडा –
अर्धा माझा, अर्धा त्यांनी खाल्ला
बायकोची नजर चुकवून. त्यांना शुगर आहे.

आज तेच प्रफुल्लभाई म्हणतात,
बेन, फाडून टाकूया.
तुमचे पाच तुम्हाला, वर सहा माझे.
गुरुवारपर्यंत सांगा.

उल्हासनं वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
सहा म्हणजे शाल्मलीची दोन वर्षांची फी.
सहा म्हणजे तीन महिन्यांत, घरबसल्या, काही न करता.
मग खाली, बारीक अक्षरात:
कारेलीबागेत तसंच टेनामेंट आज पंच्याहत्तर.
आपलं चौसष्टला ठरलेलं.
सहा घेतले तरी पाच कमी.
त्यानं पेनाला टोपण लावलं
आणि परत काढलं.

मुझुमदार वकील म्हणाले, दावा लावा, जिंकाल.
किती दिवसांत?
त्यांनी पंख्याकडे बघितलं.
म्हणाले, तुमची मुलगी कितवीत आहे?

काही न करता, असं उल्हास लिहितो.
मी खिडक्या मोजल्यात, टेप नव्हती म्हणून ओढणीनं:
पुढची दोन हात, मागची दीड आणि चार बोटं.
झोप लागत नाही तेव्हा
त्या घरातून दिवे मालवत फिरते एकेका खोलीत,
बटणं सगळी डाव्या हाताला आहेत.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

कारण विचारलं तर प्रफुल्लभाई म्हणाले,
दक्षाचं मन मानत नाही.
गल्लीच्या तोंडाशी बसणारा इस्त्रीवाला म्हणाला,
बिल्डर आलाय, दोन्ही बाजूंची घरं घेऊन बसलाय,
मधला दात तेवढा राहिलाय.

म्हणजे कारण खोटं असेल
तर सहा फारच कमी,
आणि खरं असेल
तर सहा घ्यायची लाज वाटावी.
पुराचं पाणी कुठवर आलं होतं
ते ज्या माणसानं न विचारता दाखवलं,
वाकून, दुसऱ्या पायरीवर तळहात ठेवून,
तो खोटं बोलेल?
बोलेलही. पाणी वेगळं, पैसे वेगळे.

बुधवारी संध्याकाळी मी गेले, कुणाला न सांगता.
प्रफुल्लभाई डॉक्टरांकडे गेलेले.
दक्षाबेन झोपाळ्यावर पापडी निवडत होत्या.
त्यांनी पायानं झोपाळा थांबवला,
जरा सरकल्या, ताट मध्ये ठेवलं.
आम्ही शिरा ओढत बसलो.
वर कड्या कुरकुरल्या,
दोन बायकांचं वजन
बऱ्याच दिवसांत पडलं नसावं त्यांच्यावर.
बिल्डरचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं;
नेमकी एक किडकी शेंग सापडली,
ती टाकण्यात गेलं.

मग स्वयंपाकघराकडे बघत त्या म्हणाल्या,
'फ्रिज क्यां मूकवानुं हतुं?'

हतुं.
ठेवायचा होता.
तीन पिढ्या बडोद्यात गेल्या आमच्या,
हिशेब गुजरातीत, भांडणं मराठीत,
पण या भाषेतला भूतकाळ
इतक्या हलक्या हातानं मांडीवर ठेवता येतो
हे मला ठाऊक नव्हतं.

मी बोट दाखवलं. तिथे, खिडकीखाली.
त्यांनी मान हलवली.
'तिथे नको. दुपारभर ऊन असतं तिथे.'

त्या कुणाच्या घराबद्दल बोलत होत्या
मला कळलं नाही.
त्यांनाही कळलं असेलच असं नाही.

ताटात निम्मी पापडी उरली होती
आणि शिरा दिसेनाशा झाल्या होत्या.
मी उठले, दिवा लावला,
बटण न शोधता, डाव्या हातानं.
दक्षाबेन माझ्या हाताकडे बघत राहिल्या.